सीआरपीचा आकडा घड्याळासोबत वाचा

मुंबईला, नाशिकला नाहीतर सुरतेला किडनी प्रत्यारोपण करून जळगाव-धुळे-नंदुरबारकडे परतलेला रुग्ण पुढे बऱ्याचदा जवळच्याच लॅबमध्ये रक्त देतो आणि रिपोर्टचा फोटो तिकडच्या डॉक्टरांना पाठवतो. त्यात सीआरपी (संसर्ग किंवा इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) ४८ दिसला की घरातले धास्तावतात. पण ४८ कशात? काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. ४८ आणि ४.८ हे एकाच रक्ताचे आकडे असू शकतात. म्हणून फोटोत आकड्याशेजारचे एकक आणि रक्त घेतल्याची तारीख-वेळ दिसलीच पाहिजे. शक्यतो लॅबही बदलू नये.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. कुठे संसर्ग झाला किंवा इजा झाली की पेशी इंटरल्यूकिन-६ हे संदेशवाहक रसायन सोडतात, तो निरोप यकृताला पोचतो आणि काही तासांत सीआरपी चढू लागतो. शिखर साधारण दोन दिवसांनी येते. मूळ कारण मिटले की दर १९ तासांनी तो जवळजवळ निम्मा होतो. शस्त्रक्रिया हीसुद्धा इजाच, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडा वाढलेला असणारच. त्यानंतर तो उतरायला हवा. चौथ्या-पाचव्या दिवशी उतार अडला किंवा आकडा पुन्हा चढला, तर शोध सुरू करावा लागतो: जखमेत पू, लघवीची गळती, किडनीभोवती साचलेले पाणी, न्यूमोनिया, शिरेतल्या नळीचा संसर्ग. सोनोग्राफी होते, लघवीचे आणि रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) जाते. कल्चरचा नमुना शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यावा, नाहीतर जंतू असूनही कल्चरमध्ये उगवत नाहीत.

खरी अडचण औषधांची आहे. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेली प्रेडनिसोलोन आणि टॅक्रोलिमस ही औषधे दाहच दाबतात, त्यामुळे मोठा संसर्ग असूनही सीआरपी मवाळ दिसू शकतो. टोसिलिझुमॅब हे औषध दिले असेल तर इंटरल्यूकिन-६ चा निरोपच अडतो आणि सीआरपीवर विसंबताच येत नाही. प्रोकॅल्सिटोनिन ही दुसरी रक्तचाचणी जिवाणूंच्या संसर्गाकडे जास्त नेमके बोट दाखवते, पण एटीजीच्या (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) डोसानंतर ते संसर्गाशिवायही उसळते आणि किडनी मंद असेल तर मुळातच थोडे वाढलेले राहते. ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) रक्तक्षयातही वाढतो, इथे त्याचा फारसा उपयोग नाही.

सर्वांत घातक समज म्हणजे ‘सीआरपी नॉर्मल, म्हणजे किडनी ठीक’. शरीर नवी किडनी नाकारू लागते तेव्हा लढाई किडनीच्या आत चालते. सीआरपी जागचा हलत नाही असेही होते. बीके विषाणूही असाच गुपचूप नुकसान करतो. तिथे क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात वाढणारा टाकाऊ घटक), लघवीतले प्रथिन, विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी आणि शेवटी बायोप्सी (किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणे) हेच साक्षीदार.

क्रिएटिनिनलाही खानदेशचा उन्हाळा फसवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, शेतात घाम गळतो, पाणी कमी पडते आणि क्रिएटिनिन चढते. जुलाब झाले तर पाणी कमी होतेच, शिवाय टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते आणि तीच किडनीला त्रास देते. संसर्गामुळे सीआरपीही वाढलेला असतो. अशा वेळी टॅक्रोलिमसची पातळी न पाहता केलेला अंदाज चुकतो. हे रक्त रात्रीच्या डोसानंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे. पहाटेच्या एसटीने जळगावला निघताना गोळी सवयीने घेतली जाते आणि आकडा खोटा वर येतो. गोळी डबीत सोबत न्यावी आणि रक्त दिल्यावर घ्यावी.

ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर सीआरपीची वाट पाहू नका. पहिल्या काही तासांत तो नॉर्मलच येऊ शकतो. प्रत्यारोपण केंद्राला लगेच फोन करा. तोवर दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, ती किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे अँटिबायोटिक कुणी लिहून दिले, तर टॅक्रोलिमस चालू असल्याचे त्यांना आधी सांगा, कारण त्याने टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने वाढते.