रिअल एल : पिंपात जिवंत राहणारी ब्रिटिश बिअर

रिअल एल म्हणजे पबच्या तळघरातल्या पिंपातच शेवटची पक्वता येणारी ब्रिटिश बिअर. जवाचे माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), हॉप्स या वेलीची कडवट फुले, पाणी आणि यीस्ट एवढ्यांतून ती तयार होते. ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, एकदा आंबून झाली की ती न गाळता, यीस्टसकट पिंपात भरतात. त्याच पिंपात ती सावकाश पुन्हा आंबते आणि बाहेरून कार्बन डायऑक्साइडचा दाब न देता पेल्यात येते. 'रिअल एल' हा शब्दप्रयोग रूढ केला तो १९७१ मध्ये सुरू झालेल्या ग्राहक चळवळीने. ही चळवळ आणि तिच्या आधाराने टिकलेल्या किंवा नव्याने उभ्या राहिलेल्या लहान ब्रुअऱ्या यांना वगळून या पेयाची ओळख पुरी होत नाही.

ही बिअर गरम असते असा समज ब्रिटनबाहेर सर्वत्र आहे. तो खरा नाही. चांगल्या तळघराचे तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस ठेवतात. लागर या थंडगार प्यायच्या फिकट बिअरच्या मानाने हे उबदार, पण गरम मुळीच नव्हे. याहून थंड केली तर माल्टचा बिस्किटासारखा गोडवा आणि फगल किंवा गोल्डिंग जातीच्या हॉप्सचा मातकट, किंचित फुलासारखा वास दबून जातो.

तळघरातले काम

ब्रुअरीतून निघालेली बिअर अजून तयार झालेली नसते. ती तयार होते पबमध्ये, तळघर सांभाळणाऱ्याच्या हाताखाली. पबमध्ये येणारे नेहमीचे पिंप म्हणजे फर्किन. त्यात ९ गॅलन, म्हणजे सुमारे ४१ लिटर किंवा ७२ पाइंट बिअर मावते. त्याच्या निम्मे ते पिन, दुप्पट ते किल्डरकिन आणि चौपट ते बॅरल. पिंप चौकटीवर आडवे ठेवतात आणि हलू नये म्हणून त्याला पाचरी लावतात. पोटावरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकली की आत साठलेला वायू हळूहळू निघू लागतो. फसफस शांत झाली की तिच्या जागी घट्ट लाकडाची खुंटी बसवतात. पुढच्या तोंडाला लाकडी हातोड्याने तोटी ठोकतात. यीस्ट तळाशी बसून बिअर नितळ व्हायला साधारण एक दिवस लागतो. घाई केली तर पेला गढूळ येतो.

तिथून वरच्या मजल्यावर बिअर चढते ती हातपंपाने. काउंटरवरचा लांब दांडा ओढला की पंपाचा दट्ट्या बिअर वर खेचतो. इंग्लंडच्या उत्तरेत पंपाच्या तोंडाला बारीक भोकांची टोपी लावून दाट, सायीसारखा फेस काढतात. दक्षिणेत पुष्कळांना ते पसंत नाही आणि या टोपीवरून होणारे वाद अगदी मनापासूनचे असतात. काही जुन्या पबांत पंपही नसतो. पिंपाच्या तोटीखालीच पेला धरतात.

पिंपातून जेवढी बिअर निघते तेवढी हवा आत शिरते. म्हणून उघडलेले पिंप साधारण तीन दिवसांत संपवावे लागते, नाहीतर बिअर आधी निस्तेज आणि मग आंबट होते. फर्किनमध्ये ७२ पाइंट असतात, म्हणजे त्या एका बिअरचे दिवसाला २४ पाइंट तरी खपले पाहिजेत. रिअल एलचे सारे अर्थकारण या साध्या भागाकारावर उभे आहे. गिऱ्हाईक कमी झाले की पिंप लांबते, पिंप लांबले की चव बिघडते आणि चव बिघडली की उरलेले गिऱ्हाईकही जाते. ही बिअर कोठारात साठवून वाचवता येत नाही. ती पिणाऱ्यांनी, वेळेत, पबमध्ये जाऊनच वाचते.

नाहीशी होता होता

१९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या मोठ्या ब्रुअऱ्यांनी केग बिअर पुढे आणली. ही बिअर गाळलेली, पाश्चरीकरण केलेली, थंडगार आणि वायूच्या दाबाने ओतली जाणारी असते. ती देशभर एकसारखी लागते, महिनाभर टिकते आणि तिला तळघरात कुशल माणूस लागत नाही. वॉटनी कंपनीची 'रेड बॅरल' ही त्या काळाची खूण झाली. अलाइड, बॅस चॅरिंग्टन, करेज, स्कॉटिश अँड न्यूकॅसल, वॉटनी मान आणि व्हिटब्रेड या सहा कंपन्यांच्या हाती बाजाराचा मोठा भाग गेला.

लोकांना केग आवडली म्हणून जुनी बिअर मागे पडली, असे म्हणणे अपुरे आहे. खरे कारण पबच्या मालकीत होते. ब्रिटनमध्ये फार पूर्वीपासून ब्रुअऱ्या स्वतः पब विकत घेत. असा पब चालवणाऱ्या भाडेकरूला मालक ब्रुअरीचीच बिअर विकावी लागे. यालाच बांधील पब म्हणतात. एखादी गावातली ब्रुअरी मोठ्या कंपनीने विकत घेतली तर तिचे खरे लक्ष ब्रुअरीच्या भट्टीवर नसे, तिच्या मालकीच्या शे-दोनशे पबांवर असे. भट्टी बंद पडे आणि पबांत कंपनीची केग येई. गिऱ्हाइकाने दुसरे काही मागितले तरी द्यायला काही नसे. लहान ब्रुअरीला सर्वांत मोठी उणीव भासते ती काउंटरवरच्या एका पंपाची. चव, कौशल्य, भांडवल हे सारे त्यानंतर येते. पुढच्या अर्धशतकातल्या सगळ्या प्रयत्नांचे मोल याच कसोटीवर ठरते.

कॅम्रा

मार्च १९७१ मध्ये मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीस, जिम मेकिन आणि बिल मेलर हे वायव्य इंग्लंडमधले चार तरुण सुट्टीसाठी आयर्लंडला गेले होते. केरी परगण्यातल्या डनक्विन गावच्या क्रूगर्स बारमध्ये त्यांनी एलच्या पुनरुज्जीवनासाठी संघटना काढायचे ठरवले. १९७३ मध्ये तिचे नाव 'कॅम्पेन फॉर रिअल एल' झाले. लोक तिला कॅम्रा म्हणतात. चांगली पिंपातली बिअर कुठे मिळते हे सांगणारी तिची वार्षिक मार्गदर्शिका १९७४ पासून निघते आणि कोणता पब तिच्यात घ्यायचा हे त्या त्या भागातले सभासद ठरवतात. १९७५ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये भरवलेल्या बिअर महोत्सवाला लोटलेली गर्दी पाहून १९७७ मध्ये अलेक्झांड्रा पॅलेस येथे पहिला ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल झाला.

संघटनेच्या शाखा स्वयंसेवक चालवतात. ते गावोगावचे पब फिरून चव नोंदवतात, बंद पडू घातलेल्या पबसाठी नगरपालिकेपुढे हरकती मांडतात, महोत्सवात पिंपे लावतात. ग्राहकांच्या चळवळीने एका देशाच्या बाजारातले पेय परत आणले, असे दुसरे उदाहरण चटकन सापडत नाही.

तिच्यावर टीकाही झाली. गाळलेली नसूनही वायूच्या दाबाने ओतली जाणारी नव्या पद्धतीची चांगली बिअर तिने बराच काळ परकी मानली. लहान ब्रुअऱ्यांतल्या तरुण मंडळींना हा हट्ट जाचक वाटला आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते.

पीटर ऑस्टिन आणि लहान ब्रुअऱ्यांची लाट

मागणी तयार झाली तरी बिअर करणार कोण? याचे उत्तर देणाऱ्यांत पीटर ऑस्टिन यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. आयुष्यभर ब्रुअरीत नोकरी केलेल्या या माणसाने १९७८ मध्ये हॅम्पशरमध्ये रिंगवुड ब्रुअरी काढली आणि पुढे इतरांना लहान ब्रुअऱ्या उभारून देण्याचे काम केले. त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक ब्रिटनमध्ये आणि समुद्रापलीकडे अमेरिकेतही पोचले. १९८० मध्ये लहान ब्रुअऱ्यांची सिबा ही संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्षही तेच. १९७० च्या सुमारास देशात ब्रुअरी कंपन्या दोनशेच्या आत उरल्या होत्या. आज ब्रुअऱ्यांची संख्या हजारावर आहे.

कायदा आणि कर

१९८९ मध्ये सरकारने 'बिअर ऑर्डर्स' काढल्या. २,००० हून अधिक पब असलेल्या ब्रुअरीने त्या मर्यादेवरच्या निम्म्या पबांचे बंधन सोडावे, तसेच भाडेकरूला एक पाहुणी पिंपाची बिअर दुसऱ्या ब्रुअरीकडून घेऊ द्यावी, असा त्यांचा आशय होता. पाहुण्या बिअरच्या नियमाने लहान ब्रुअऱ्यांना थोडा शिरकाव मिळाला. परंतु मोठ्या ब्रुअऱ्यांनी विकलेले पब नव्या पब कंपन्यांनी घेतले. या कंपन्या बिअर करत नाहीत, पण पबला बांधून मात्र ठेवतात, आणि ब्रुअरीकडून मोठी सूट उकळून भाडेकरूला चढ्या भावाने विकतात. बंधन तुटले नाही, फक्त त्याचा मालक बदलला. २०१६ मध्ये लागू झालेल्या पब संहितेने मोठ्या पब कंपन्यांच्या बांधील भाडेकरूंना ठरावीक प्रसंगी फक्त बाजारभावाचे भाडे भरून मोकळे होण्याचा पर्याय दिला.

याहून जास्त परिणाम झाला तो २००२ च्या करसवलतीचा. अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत बिअर करणाऱ्या ब्रुअरीचा अबकारी कर निम्मा केला. आज दिसणाऱ्या बहुतेक लहान ब्रुअऱ्या या निर्णयानंतरच्या आहेत. ऑगस्ट २०२३ पासून नवी पद्धत आली असून, पबमध्ये मोठ्या पिंपातून विकल्या जाणाऱ्या बिअरलाही आता वेगळी सवलत आहे. सुपरमार्केटच्या स्वस्त डब्यांपुढे पबचा पाइंट टिकायचा तर ही सवलत योग्यच आहे.

जुनी घराणी

लहान म्हणजे नवी असे नव्हे. ऑक्सफर्डशरमधली हुक नॉर्टन ब्रुअरी १८४९ पासूनची. तिची उंच इमारत मनोऱ्यासारखी आहे. धान्य आणि पाणी वर चढवायचे आणि मग गुरुत्वाकर्षणाने मजल्यामागून मजले उतरत खाली बिअर करायची, ही व्हिक्टोरियन काळातली सोय तिथे अजून पाहता येते. यॉर्कशरमधल्या कीथली गावची टिमथी टेलर १८५८ ची. तिच्या 'लँडलॉर्ड' या बिअरने ब्रिटनच्या सर्वोत्तम बिअरचा कॅम्राचा किताब चारदा मिळवला. मॅशम या छोट्या गावात १८२७ पासूनची थीकस्टन ब्रुअरी मोठ्या कंपनीच्या हाती गेली तेव्हा घराण्यातले पॉल थीकस्टन बाहेर पडले आणि त्यांनी त्याच गावात १९९२ मध्ये ब्लॅक शीप ही ब्रुअरी काढली. पुढे २००३ मध्ये घराण्यातल्या भावांनी मूळ ब्रुअरीही परत विकत घेतली.

ससेक्समधल्या लुइस गावी हार्वेज ही १७९० पासूनची ब्रुअरी आहे. मागच्या दह्याच्या विरजणाने पुढचे दही लावावे तसे तिथे एका खेपेचे यीस्ट पुढच्या खेपेला वापरतात. याच गावातल्या लुइस आर्म्स या पबची मालकी ग्रीन किंग या मोठ्या ब्रुअरीकडे गेली आणि डिसेंबर २००६ मध्ये तिने तिथून हार्वेजची बिअर काढून टाकली. ही बिअर जिथे बनते ती जागा पबपासून चालत काही मिनिटांवर. गिऱ्हाइकांनी पबवर बहिष्कार घातला. हिवाळ्यात दाराशी उभे राहून ते येणाऱ्यांना पत्रके देत होते. विक्री कोसळली. १३३ दिवसांनी, एप्रिल २००७ मध्ये, कंपनीने हार्वेजचा पंप परत लावला.

कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या खेड्याने आणखी पुढची वाट धरली. तिथल्या ओल्ड क्राउन या पबमागे १९८८ पासून चालणारी ब्रुअरी मालक निवृत्त होताना गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर घेतली आणि २००३ मध्ये पबही घेतला. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला ही रीत ओळखीची वाटेल. इथे सभासद स्वतःच गिऱ्हाईक असल्यामुळे फर्किन तीन दिवसांत संपण्याची काळजी बरीच कमी होते.

भारताशी दुवा

इंडिया पेल एल या प्रकाराच्या नावातच भारत आहे. लंडनच्या बो भागातील हॉजसन यांची ब्रुअरी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कंपनी सरकारच्या जहाजांवरून कोलकाता, मद्रास आणि मुंबईकडे बिअर पाठवत असे. १८२० च्या दशकात बर्टन-ऑन-ट्रेंट गावचे ऑलसॉप आणि बॅस या व्यापारात उतरले. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर असते. त्याने हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ उठून येतो. आजही अनेक ब्रुअर पाण्यात क्षार मिसळून बर्टनची नक्कल करतात.

दुसरा दुवा माशांचा. पिंपातले यीस्ट लवकर तळाशी बसावे म्हणून आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाला सोन्याचा भाव मिळतो तो याच पिशवीमुळे. शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी बऱ्याच लहान ब्रुअऱ्या आता आयसिंग्लासशिवाय, किंचित गढूळ बिअर देतात.

अलीकडची स्थिती

करोनाची टाळेबंदी लहान ब्रुअऱ्यांना फार महाग पडली. पब बंद झाले तेव्हा तळघरांतली पिंपे ओतून द्यावी लागली, कारण ही बिअर थांबत नाही. त्यानंतर वीज आणि गॅसची बिले वाढली. ब्लॅक शीप २०२३ मध्ये आर्थिक संकटात सापडून विकली गेली. पीटर ऑस्टिन यांची रिंगवुड ब्रुअरी मोठ्या कंपनीकडे गेली होती. ती २०२४ च्या आरंभी बंद झाली.

त्याच वर्षी कार्ल्सबर्ग मार्स्टन्स कंपनीने बर्टनमधली युनियन पद्धत थांबवली. या पद्धतीत ओक लाकडाची पिंपे ओळीने एकमेकांना जोडलेली असतात. आंबताना उसळणारे यीस्ट नळ्यांतून वरच्या कुंडात जाते आणि सोबत आलेली बिअर पुन्हा पिंपांत उतरते. बर्टनमध्ये एकोणिसाव्या शतकात घडलेली ही यंत्रणा मोडीत निघणार असे दिसत होते. तेव्हा डर्बीशरमधल्या बेकवेलच्या थॉर्नब्रिज या स्वतंत्र ब्रुअरीने तिचा एक संच मिळवला. 'जयपूर' नावाची पेल एल करणारी हीच ती ब्रुअरी. संच सुटा करून बेकवेलला नेण्यात आला, पुन्हा जोडण्यात आला आणि आता तिथे त्याच्यात बिअर आंबते.