सातवीतला मुलगा, मे महिना आणि सापांची पाच पुस्तकं

निकाल हातात पडला की दोन प्रकारच्या याद्या फिरायला लागतात. एक छंदवर्गांची, दुसरी 'सुट्टीत मुलांनी वाचायलाच हवीत अशी पंचवीस पुस्तकं' छापाची. दुसऱ्या यादीत थोरामोठ्यांची चरित्रं असतात, एखादं प्रवासवर्णन असतं, संस्कारकथा तर असतातच. ज्या मुलासाठी हा खटाटोप चाललाय त्याला काय आवडतं, हे मात्र यादी करणाऱ्याच्या गावीही नसतं. शिवाय यादीमागे एक धास्ती असते: दीड महिना पुस्तकाला हात लागला नाही तर पोरगं वर्षभराचं शिकलेलं विसरून जाईल.

ही धास्ती कितपत खरी, याचा शोध अमेरिकेत बरीच वर्षं चालू आहे. तिथली उन्हाळी सुट्टी आपल्यापेक्षा लांब, दोन-अडीच महिन्यांची. बाल्टिमोर शहरात १९८२ साली पहिलीत बसलेल्या सुमारे ८०० मुलांचा माग कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एन्टविसल या समाजशास्त्रज्ञांनी पुढे कित्येक वर्षं काढला. सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर चाचण्या घेतल्या जात. शाळा चालू असताना गरीब आणि सुखवस्तू घरांतली मुलं जवळपास सारख्याच वेगानं पुढे जायची. सुट्टीत सुखवस्तू मुलं थोडी पुढे सरकायची, गरीब मुलं जिथल्या तिथे राहायची किंवा मागे यायची. संशोधकांनी हे सांगताना नळाची उपमा वापरली. आपल्या भाषेत म्हणायचं तर नळाला पाणी असेपर्यंत सगळ्यांच्या घागरी भरतात, नळ गेला की ज्याच्या घरी टाकी आहे त्याचंच भागतं. पुढे १९९६मध्ये हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी अशा ३९ अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितलं की सुट्टीत सरासरी महिनाभराच्या शिकण्याइतकी घसरण होते, आणि ती वाचनापेक्षा गणितात जास्त.

इथपर्यंतचं बहुतेक लेखांत येतं. पुढचं सहसा येत नाही. पॉल फॉन हिपेल या संशोधकाचाही आधी या घसरणीवर विश्वास होता. जुन्या चाचण्या उघडून पाहिल्यावर त्याला त्यांतच गोम दिसली. मुलं सुट्टीआधी पहिलीची प्रश्नपत्रिका सोडवत आणि सुट्टीनंतर दुसरीची. पेपरच बदलला, तर कमी झालेले गुण विसरण्यामुळे की वेगळ्या पेपरामुळे, हे कसं ठरवायचं? नव्या पद्धतीच्या चाचण्यांत गरीब आणि सुखवस्तू मुलांमधली दरी दर सुट्टीत रुंदावताना काही ठळकपणे दिसत नाही. तिचा मोठा भाग मुलं पहिलीत पाऊल टाकण्याआधीच पडलेला असतो. वाद अजून मिटलेला नाही. पण 'सुट्टीत मुलं सगळं विसरतात' हे वाक्य ज्या ठसक्यात फेकलं जातं, तेवढा पुरावा त्याच्यामागे नाही, एवढं नक्की. मे महिन्यात वाचायचं ते वेगळ्या कारणासाठी.

ते कारण कळायला वाचताना नेमकं काय होतं ते बघू. लिपीचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. एवढ्यात मेंदूत वाचनासाठी जन्मजात जागा तयार होणं शक्यच नाही. म्हणून वाचायला शिकताना प्रत्येक मेंदू दुसऱ्या कामांची यंत्रणा वाचनाला जुंपतो. डाव्या गोलार्धाच्या खालच्या बाजूला एक छोटासा भाग आहे. वाचता येणाऱ्या माणसात तो लिहिलेले शब्द ओळखतो आणि निरक्षर माणसात चेहरे, वस्तू असल्या गोष्टींना प्रतिसाद देतो. फ्रेंच संशोधक स्तानिस्लास दहान यांनी या जुंपणीचा सिद्धांत मांडला. यातला एक प्रयोग तर आपल्याच लिपीवरचा. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक तिशीतल्या बायका, सहा महिने देवनागरी शिकवली आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एवढ्या थोड्या काळातही मेंदूच्या वरच्या थरातच नव्हे तर खोलवर, थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभातल्या नजरेशी संबंधित भागांत बदल दिसले. तिशीतला मेंदू सहा महिन्यांत एवढा हलतो, तर बारा वर्षांच्या मुलाला 'आता काय वाचनाची सवय लागणार' म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

ओळीवरून डोळे सरकत जातात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते उड्या मारतात. एका ठिकाणी सुमारे पाव सेकंद टेकतात आणि पुढे झेपावतात. वाचणं जे काही होतं ते टेकल्यावर. देवनागरीत यात एक गंमत आहे. 'विहीर' हा शब्द घ्या. डावीकडून येणाऱ्या नजरेला पहिली भेटते ती ऱ्हस्व वेलांटी आणि मग 'व'. उच्चारताना मात्र 'व' आधी आणि 'इ' नंतर. पुढच्याच 'ही'मध्ये सगळं सरळ: आधी 'ह', मग दीर्घ वेलांटी. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२मध्ये हिंदी वाचणाऱ्यांवर प्रयोग करून दाखवलं की अशा उलट्या वेलांटीचे शब्द उच्चारायला किंचित जास्त वेळ लागतो. सरावलेल्या वाचकाला तो जाणवतही नाही. नवख्याच्या बाबतीत अशा किंचितांची बेरीज होते, जोडाक्षरं तीत भर घालतात आणि वाक्य संपेस्तोवर वाक्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते. पाचवी ते आठवी हा काळ इथे महत्त्वाचा. अक्षरांशी झटापट संपून लक्ष अर्थाकडे वळायला लागतं ते साधारण याच वयात, आणि वळतं ते भरपूर वाचून. त्याला शॉर्टकट नाही.

भरपूर म्हणजे किती? १९८८ साली अमेरिकेत पाचवीच्या मुलांनी शाळेबाहेर काय-किती वेळ केलं याच्या रोजच्या नोंदी ठेवल्या. अगदी मधल्या मुलाचं पुस्तकवाचन दिवसाला पाच मिनिटांहूनही कमी भरलं. तळातून मोजत गेलं तर शंभरातल्या नव्वदाव्या क्रमांकाच्या मुलाचं २१ मिनिटं. म्हणजे 'पुस्तकातला किडा' म्हणवून घ्यायला दिवसाला वीस मिनिटं पुरतात! वर्षाच्या शब्दांचा हिशेब केला तर वरचा मुलगा अठरा लाखांच्या पुढे गेलेला, आणि तळातून दहाव्या क्रमांकाचा जेमतेम आठ हजारांवर.

या शब्दांनी होतं काय? नवा शब्द एका भेटीत क्वचितच मुक्काम करतो. वाचता वाचता शब्द कसे कळतात यावरचे अनेक अभ्यास एकत्र केले तर शंभर अनोळखी शब्दांपैकी पंधराएक शब्दांचा अर्थ थोडाफार लागतो. प्रमाण फारच कमी वाटतं, पण मे महिन्याला ते लावून बघू. मिनिटाला शंभर शब्द, रोज वीस मिनिटं, असे चाळीस दिवस: ऐंशी हजार शब्द. त्यातले शंभराला दोन अनोळखी धरले तर सोळाशे भेटी. पंधरा टक्क्यांनी दोनशे चाळीस. आकडा ढोबळ आहे, शब्द पुन्हा पुन्हा येतात, काही निसटतात. तरी शब्दार्थांच्या वह्या न भरता हे पदरात पडतं. शिवाय हे शब्द एरवी कानावर पडत नाहीत. इंग्रजीतल्या एका जुन्या मोजणीत मुलांच्या पुस्तकांत दर हजारी ३१ दुर्मिळ शब्द निघाले, टीव्हीवरच्या मोठ्यांच्या कार्यक्रमांत २३ आणि पदवीधर मोठ्या माणसांच्या गप्पांत १७. मराठीतला आकडा वेगळा असेल, पण 'जेवलास का, पंखा बंद कर, मोबाइल ठेव' यात किती दुर्मिळ शब्द बसणार?

आता माझ्या मते यातली सगळ्यात कामाची गोष्ट. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या अर्ध्या डावाचं वर्णन वाचायला दिलं. मग मैदानाची छोटी प्रतिकृती आणि लाकडी खेळाडू पुढे ठेवले आणि सांगितलं, काय झालं ते हलवून दाखवा. या मुलांत वाचनात हुशार आणि कच्ची असे दोन गट होते. त्यांतही बेसबॉल कळणारी आणि न कळणारी असे दोन-दोन. शाळेच्या हिशेबानं हुशार वाचकांनी बाजी मारायला हवी होती. झालं उलटं. वाचनात कच्ची पण बेसबॉल कोळून प्यायलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळात शून्य असणाऱ्यांच्या बरीच पुढे गेली. वाचनाची पातळी मुलाच्या अंगाला चिकटलेली नसते. विषयाप्रमाणे ती वरखाली होते. कसोटी सामन्याच्या वृत्तांतात 'फॉलोऑन लादला' आलं की आपल्याकडचं गल्लीतलं पोरगं मिटक्या मारत पुढे जातं आणि एखादे प्राध्यापक तिथेच अडतात, त्यातलाच हा प्रकार.

मग एकाच विषयावरचं बरंच वाचलं तर? हेही तपासून झालंय. २०१६च्या एका अभ्यासात चौथीच्या काही मुलांनी सगळेच्या सगळे मजकूर पक्ष्यांवरचे वाचले, तर काहींनी वेगवेगळ्या विषयांवरचे. पक्षीवाल्या मुलांना नवे शब्द जास्त आले आणि पक्ष्यांवरचा आणखी एक नवा मजकूर दिला तेव्हा तो त्यांनाच जास्त कळला. प्रयोग लहानसा होता, तो सर्वांना सरसकट लावता येणार नाही. पण कारण समजण्याजोगं आहे. सापांवरच्या पहिल्या पुस्तकात 'शीतरक्ताचा' हा शब्द अडतो, दुसऱ्यात ओळखीचा वाटतो, तिसऱ्यात तो वाचला हेच मुलाच्या लक्षात येत नाही. त्याचं लक्ष तोवर घोणस आणि फुरसं यांच्या विषात फरक काय, यावर गेलेलं असतं.

म्हणून पंचवीस पुस्तकांची यादी मी बाजूला ठेवीन. मुलाला ज्याचं वेड आहे, मग ते साप असोत, रेल्वेची इंजिनं असोत, गड-किल्ले असोत, त्यावरची पाच पुस्तकं आणून द्यावीत. 'एकच एक काय वाचतोस सारखं' ही तक्रार वडीलधाऱ्यांनी गिळून टाकावी. आकडाही अगदीच हवेतला नाही: जेम्स किम यांनी २००४मध्ये सहावीच्या वयाच्या सुमारे १,६०० मुलांची पाहणी केली, त्यात सुट्टीत चार-पाच पुस्तकं वाचणाऱ्यांचे वाचनाचे गुण टिकून राहिलेले दिसले. (ज्यांना वाचन जमतं तीच जास्त वाचतात, हा आक्षेप अशा पाहण्यांवर घ्यायलाच हवा.) फ्लोरिडात रिचर्ड ऑलिंग्टन यांच्या चमूनं गरीब वस्त्यांतल्या मुलांना सलग तीन उन्हाळे बारा-बारा पुस्तकं फुकट दिली. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले असल्यानं वरचा आक्षेप इथे लागू होत नाही. पुस्तकं मुलांनी स्वतः निवडली होती, आणि गायक-गायिका, टीव्हीवरची पात्रं यांच्यावरच्या पुस्तकांवर त्यांच्या उड्या पडल्या. मास्तरांनी नाक मुरडलं असतं अशी पुस्तकं! तरी तीन वर्षांनी त्यांचे गुण इतरांपेक्षा वर होते. फरक लहान, पण खरा.

नुसती पुस्तकं घरात आणून टाकली की झालं, असंही नाही. किम यांच्याच २००८च्या प्रयोगात फक्त पुस्तकं मिळालेल्या मुलांना खास फायदा झाला नाही. ज्यांना सुट्टीआधी शिक्षकांनी 'अडलं तर मागे जा, पुढे काय होईल याचा अंदाज बांध' हे करून दाखवलं आणि घरी कुणाला तरी थोडं मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितलं, त्यांना झाला. आजोबांनी कान द्यायचा, 'मग? चावला का?' एवढं विचारायचं. पुस्तकाचा सारांश लिहून आण, हे त्यापेक्षा वेगळं प्रकरण. माझ्या मते ते वाचनाची गोडी घालवण्याचा खात्रीशीर उपाय आहे.

मोबाइलवर वाचलं तर चालेल का? २०१८च्या एका आढाव्यात ५४ अभ्यास आणि पावणेदोन लाखांच्या आसपास वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो, गोष्टींच्या बाबतीत मात्र फरक दिसला नाही. तेव्हा गोष्टी खुशाल पडद्यावर वाचाव्यात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. सापांच्या माहितीचं पुस्तक मात्र गावातल्या वाचनालयातून आणावं. महिन्याची वर्गणी एका पिझ्झ्यापेक्षा कमी असते.

एका मुलाची गोष्ट वेगळी आहे. सातवीत गेलं तरी जे अक्षर अक्षर लावत वाचतं, जोडाक्षर आलं की थबकतं, 'प' आणि 'ष'मध्ये गोंधळतं आणि वाचायला सांगितलं की पोट दुखतं म्हणतं, ते आळशी असेलच असं नाही. ही डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकण्यातली अडचण, असू शकते आणि ती जास्त पुस्तकं समोर ठेवून सुटत नाही. तिची तपासणी तज्ज्ञांकडूनच करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी शाळा सुरू व्हायच्या आधीचे हे निवांत दिवस बरे. तोवर त्याच्या आवडीचं पुस्तक त्याला वाचून दाखवावं, सातवीतलं असलं तरी. 'शीतरक्ताचा' हा शब्द कानावाटे आला तरी पुढच्या पुस्तकात तो ओळखीचाच भेटतो.