दातातली ‘कीड’ आणि गालातली खडीसाखर

आमच्या गावच्या जत्रेत कीड काढणारा माणूस यायचा. निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकायचा, दुखऱ्या दाताला नळीने धूर द्यायचा आणि परातीतल्या पाण्यावर तरंगणारे पांढरे, वाकडे ‘किडे’ दाखवायचा. ते बियांच्या आतले कोंब असत, उष्णतेने बी फुटली की बाहेर पडलेले. पैसे जायचे, दात मात्र पोखरतच राहायचा. ही सरळसरळ फसवणूक होती. ‘दाताला कीड लागली’ हा आपला शब्दप्रयोगच तिला खतपाणी घालतो, कारण तो ऐकला की डोळ्यांसमोर अळी येते. दातात अळी नसते. तिथे जिवाणू असतात, आणि दात पोखरतं ते त्यांनी तयार केलेलं आम्ल.

या जिवाणूंमधला बिनीचा म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. क्लार्क या संशोधकांनी तो १९२४ मध्ये शोधला. आपली रोजची साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडगोळी. ही जोडी तोडताना सुटणाऱ्या ऊर्जेवरच हा जिवाणू ग्लुकोजची लांब साखळी विणतो. ती डिंकासारखी चिकट असते आणि पाण्यात विरघळत नाही. म्हणजे त्याला एकाच पदार्थातून अन्नही मिळतं आणि दाताला चिकटून राहायला घरही! नुसत्या ग्लुकोजपासून त्याला हा डिंक बनवता येत नाही.

आता खरी गंमत. दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, हा मुख्यतः कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) यांचा स्फटिक. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असल्यामुळे एरवी तो विरघळत नाही. पण आम्लातले हायड्रोजन आयन दाताभोवतीच्या द्रवातलं मोकळं फॉस्फेट पकडतात आणि हायड्रॉक्सिलचं पाणी करून टाकतात. द्रवात ही तूट पडली की ती भरून काढायला स्फटिक विरघळू लागतो. सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की हे सुरू होतं. सामू ७ वरून ५ वर येणं म्हणजे हायड्रोजन आयन शंभरपट होणं. हा ५.५ चा आकडाही पक्का नाही; लाळेत कॅल्शियम-फॉस्फेट जास्त असेल तर तो खाली सरकतो. फ्लोराइड स्फटिकात शिरलं तर दात आणखी आम्ल सोसतो.

रॉबर्ट स्टीफन या संशोधकांनी १९४० च्या दशकात लोकांना ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावून दातांवरच्या थराचा सामू मोजला. काही मिनिटांतच तो धाडकन खाली आला आणि मूळपदावर यायला अर्धा-पाऊण तास लागला. सामू पुन्हा वर चढवण्याचं काम लाळेचं. ती आम्ल मारते आणि विरघळलेले क्षार परत बसवते. ती रोज हेच करते, पण तिला वेळ द्यावा लागतो. सकाळचा चहा, दहाला बिस्किटं, अकराला पुन्हा चहा, दुपारी पेढा, चारला चहा: सामूचा एक खड्डा भरतो न भरतो तोच आपण दुसरा खणतो. म्हणून साखर किती, याइतकंच महत्त्वाचं आहे ती किती वेळा. झोपेत तर लाळ जवळजवळ थांबते. बाळाच्या तोंडात गोड दुधाची बाटली ठेवून त्याला निजवणं म्हणूनच वाईट.

स्वीडनमधल्या विपेहोल्म संस्थेत १९४५ पासून झालेल्या प्रयोगांनी हेच दाखवलं. जेवणासोबतच्या साखरेने फारसं बिघडलं नाही. दोन जेवणांमध्ये दिलेल्या चिकट टॉफ्यांनी दात किडले. हे प्रयोग मतिमंद रुग्णांवर, त्यांच्या संमतीविना झाले. तो अन्याय होता, आणि ही माहिती वापरताना तो विसरू नये. पुढे स्वीडनमध्ये मुलांना फक्त शनिवारी गोळ्या-चॉकलेटं द्यायची पद्धत रुजली.

‘साखर नको, गूळ चालेल’ अशा पाट्या हल्ली चहाच्या टपऱ्यांवर दिसतात. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं, जिवाणूला रंगाशी देणंघेणं नाही. मधही जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात साखरच. वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मिळावी, ५ टक्क्यांच्या आत राहिल्यास उत्तम, असं ही संघटना २०१५ पासून सांगते. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्याला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, साधारण सहा चहाचे चमचे. दोन-दोन चमच्यांचे तीन कप झाले की हिशेब संपला; वजनाचं आणि मधुमेहाचं गणितही इथूनच बिघडायला लागतं.

माझी आत्या कोरड्या खोकल्यावर दिवसभर उजव्या गालात खडीसाखरेचा खडा धरायची. हिरड्या सरकून उघडी पडलेली दातांची मुळं इनॅमलपेक्षा लवकर विरघळतात. तिचे उजवीकडचे तीन दात मुळाशी किडले, डावीकडचे शाबूत राहिले. गोड खाल्ल्यावर सामू कसा पडतो आणि हळूहळू चढतो, त्याचा आलेख मी तिला कागदावर काढून दाखवला. आता ती जेवण झाल्या झाल्या, लाळ सुटलेली असताना, एकच खडा चावून खाते आणि वर पाण्याने खळखळून चूळ भरते.