गरोदरपणातली सिगारेट: दटावणीकडून विचारपुशीकडे

सिगारेट ओढणाऱ्या गरोदर बायकांमध्ये मुदतपूर्व बाळंतपणाचं प्रमाण जास्त असतं, हे कॅलिफोर्नियातल्या संशोधक सिम्प्सन यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं. १९८४ च्या कायद्यानंतर अमेरिकेत पाकिटांवर तसा इशाराही छापला जाऊ लागला. पुष्कळ जणींनी सिगारेट सोडली. ज्यांना जमलं नाही, त्यांच्या वाट्याला मात्र बोलणीच आली: बाळाची काळजी नाही का तुला?

त्यांना का जमत नाही, याच्या उत्तराचा धागा सापडला तो भलतीकडेच. १९८५ च्या सुमारास सॅन डिएगोत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांच्याकडे लठ्ठपणावर उपचार घेणारे काही जण, वजन चांगलं उतरत असतानाच, यायचे बंद होत. चौकशी केली तेव्हा त्यांतल्या अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं. पुढे साथरोगतज्ज्ञ रॉबर्ट अँडा यांच्यासोबत त्यांनी १७ हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी केली. बालपणी पाच किंवा अधिक प्रकारचे आघात (मारहाण, अत्याचार, घरातली हिंसा असे) सोसलेल्यांनी चौदाव्या वर्षापर्यंत सिगारेटला हात लावण्याची शक्यता असा एकही आघात न सोसलेल्यांच्या सुमारे पाचपट होती, असं पाहणीच्या पहिल्या टप्प्यावरून १९९९ मध्ये त्यांनी मांडलं.

म्हणजे अनेकींसाठी सिगारेट हा घाबरलेला जीव थाऱ्यावर आणायचा एकमेव हाताशी असलेला उपाय. त्यात गरोदरपणी शरीर निकोटिनचा निचरा लवकर करतं, तलफ आणखी छळते. अशा बाईला धमकावलं की ती खोटं बोलते किंवा तपासणीलाच येत नाही.

२०१४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेनं आघाताचं भान ठेवून सेवा देण्याची तत्त्वं मांडली. सुरक्षितता, विश्वास, निवड ही त्यातली मुख्य. इंग्लंडमध्ये गरोदर बाईच्या श्वासातला, सिगारेट ओढली की वाढणारा, कार्बन मोनॉक्साइड वायू मोजतात. पंधरा सेकंद श्वास रोखायचा, मग नळीत फुंकायचं. अत्याचार सोसलेल्या बाईला एवढंही जड जाऊ शकतं. म्हणून आधी समजावून सांगायचं, परवानगी घ्यायची, नको म्हणाली तर मान द्यायचा. मला हे फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे सिगारेटपेक्षा मशेरीचा प्रश्न मोठा. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांच्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातल्या मारहाणीबद्दल बायकांशी बोलणारं ‘दिलासा’ केंद्र तर त्याच्याही आधी, २००० च्या सुमारास, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं होतं. मशेरी सोडवू पाहणाऱ्या नर्सताईंना अशा केंद्राची वाट ठाऊक हवी, आणि सासू-नवऱ्याला बाहेर बसवून गरोदर बाईशी एकटीशी बोलायला जागाही हवी.