क्रूझ समुद्रातली की नदीतली? अंगकोर, क्योतो आणि बंदरांचा हिशेब

‘व्हिएतनाम-कंबोडिया हेरिटेज क्रूझ’ या एकाच मथळ्याखाली दोन अगदी वेगळ्या सहली विकल्या जातात. पहिलीत दोन-तीन हजार प्रवाशांचं जहाज सिंगापूर किंवा हाँगकाँगहून निघतं, किनाऱ्याकिनाऱ्याने जातं आणि दर एक-दोन दिवसांनी एखाद्या बंदराला लागतं. दुसरीत साठ-सत्तर, फार तर सव्वाशे माणसांची उथळ तळाची बोट मेकाँग नदीतून आठवडाभर रमतगमत जाते आणि दिवसातून दोनदा तरी कुठल्या ना कुठल्या काठाला टेकते. दोन्हींच्या जाहिरातीत फोटो मात्र एकच, अंगकोर वटच्या शिखरांमागून उगवणारा सूर्य. आपल्याकडे क्रूझ म्हटलं की सिंगापूरहून सुटणारं दहा-बारा मजली जहाज, बुफे आणि रात्रीचा शो डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे नदीची बोट घेणारे ‘एवढ्या पैशात स्विमिंग पूल एवढासाच?’ म्हणून हिरमुसतात आणि समुद्री जहाज घेणारे अंगकोर कधी येणार याची वाट बघत बसतात.

अंगकोर येत नाही. समुद्री जहाज कंबोडियात लागतं ते सिहानुकव्हिल बंदराला, आणि तिथून सियाम रीप, म्हणजे अंगकोरचं गाव, रस्त्याने पाचशे किलोमीटरहून जास्त आहे. एका दिवसात जाऊन परत येणं शक्यच नाही. काही कंपन्या मध्येच जहाज सोडून विमानाने सियाम रीपला न्यायचा दोन-तीन दिवसांचा जोडकार्यक्रम देतात, पण त्याचे पैसे वेगळे, आणि तेवढे दिवस तुमची पैसे भरलेली केबिन रिकामीच प्रवास करते.

समुद्री क्रूझचा कार्यक्रम वाचताना शहराचं नाव सोडून बंदराचं नाव शोधावं. ‘बँकॉक’ म्हणजे बहुतेक वेळा लेम चाबांग, शहरापासून सुमारे १३० किलोमीटर. ‘हो ची मिन्ह सिटी’ म्हणजे फू मी, बसने दीड-दोन तास. ‘हनोई’ म्हणजे हा लाँग, दीडशे किलोमीटरच्या आसपास. ‘ह्वे’ म्हणजे चान मे. ‘बोरोबुदूर’, म्हणजे जावा बेटावरचा प्राचीन बौद्ध स्तूप, असं लिहिलं असेल तर बंदर सेमारांग, तिथून बसने जायला दोन-अडीच तास आणि यायला तेवढेच. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं, आणि जुन्या राजधान्या नद्यांच्या काठी, आत वसलेल्या. यात कंपनीची लबाडी नाही, भूगोल आहे. पण कार्यक्रमपत्रिकेत तो बारीक अक्षरांत असतो, ही मात्र तिचीच करामत.

आता दिवसाचा हिशेब मांडा. जहाज सकाळी आठला लागलं आणि संध्याकाळी पाचला परत चढायचं असेल, तर लेम चाबांगहून बँकॉकला जाण्यायेण्यात चार-पाच तास गेले. उरलेल्या चारांत राजवाडा, वाट फोमधला निजलेला बुद्ध आणि जेवण. अयुथ्थया, जी १७६७ पर्यंत सयामची राजधानी होती, ती बँकॉकच्याही उत्तरेला ऐंशी किलोमीटरवर आहे. तिचा विचारच सोडा. जहाज त्या बंदरात रात्रभर थांबणार असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून एजंटला पहिला प्रश्न विचारायचा तो मुक्कामाचा.

बोरोबुदूरचं आणखी एक. आता वरच्या मजल्यांवर चढण्यासाठी रोज ठरावीक संख्येनेच लोक सोडतात, वेळ आधी बांधून घ्यावी लागते आणि दगड झिजू नयेत म्हणून ‘उपानत’ नावाच्या विणलेल्या चपला घालाव्या लागतात. जहाजाच्या सहलीच्या तिकिटात वर चढणं धरलंय की फक्त आवारात फिरणं, हे लेखी घ्या. खालून पाहिलेलं बोरोबुदूर आणि गॅलऱ्यांतून बुद्धचरित्राची शिल्पं बघत फेरे घेत चढलेलं बोरोबुदूर यांत फार अंतर आहे.

एवढं वाचून समुद्री क्रूझ वाईट असा ग्रह होऊ नये. जी गावं समुद्रानेच घडवली, तिथे तिच्यासारखं दुसरं साधन नाही. मलेशियातल्या पिनांगला जहाज लागतं तो स्वेटनहॅम धक्का जॉर्ज टाऊन या जुन्या शहराला अगदी चिकटून आहे. उतरलात की चालत चालत चिनी कुळांची देवघरं, कपितान केलिंग मशीद, तमिळ व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि मारिअम्मनचं देऊळ. बस नाही, गळ्यात नंबराची पाटी नाही. नागासाकीतही तसंच. मात्सुगाए धक्क्यावरून उतरलं की ओउरा चर्च आणि ग्लोव्हर गार्डन पायी गाठता येतं, आणि डच व्यापाऱ्यांना दोन शतकांहून जास्त काळ ज्या पंख्याच्या आकाराच्या बेटावर कोंडून ठेवलं होतं, ते देजिमा ट्रामने काही थांब्यांवर.

समुद्री मार्गाची खरी गंमत मला दोन बंदरं जोडून पाहण्यात वाटते. व्हिएतनामच्या होई आनमध्ये छप्पर असलेला एक जपानी पूल आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथे स्थायिक झालेल्या जपानी व्यापाऱ्यांनी तो बांधवला असं मानलं जातं. अलीकडेच मोठी डागडुजी होऊन ऑगस्ट २०२४ मध्ये तो पुन्हा उघडला. त्या काळी शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, लाल शिक्क्याचा परवाना घेतलेली गलबतं नागासाकीहून तिथवर येत. अराकी सोतारो या नागासाकीच्या व्यापाऱ्याने १६१९ मध्ये तिथल्या न्गुयेन घराण्यातली मुलगी केली, आणि तिच्या आगमनाची मिरवणूक नागासाकीच्या ओकुंची उत्सवात चाकांवरच्या नावेतून अजून काढतात. १६३५ मध्ये शोगुनशाहीने जपान्यांना परदेशी जायला बंदी केली आणि ही ये-जा थांबली. होई आन पाहून काही दिवसांनी नागासाकीला उतरणारा प्रवासी त्या गलबतांच्याच वाटेने आलेला असतो. विमानाने हा धागा हाती लागत नाही.

नदीचं तंत्र याच्या उलट आहे. तिथे ठिकाणाला पोहोचणं हा कार्यक्रमाचा अर्धाच भाग, उरलेला अर्धा म्हणजे वाट. पण इथेही एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण जाहिरात ती सांगत नाही. मेकाँगच्या बोटीतूनसुद्धा अंगकोर दिसत नाही. सियाम रीपला दोन-तीन रात्री हॉटेलात राहून अंगकोर पाहायचं, मग बोट धरायची, किंवा हाच क्रम उलटा. शिवाय बोट सियाम रीपजवळ मिळेलच असं नाही. वर्षातला बराच काळ तिथून काँपाँग चाम किंवा आसपासच्या एखाद्या धक्क्यापर्यंत चार-पाच तास बसनेच जावं लागतं.

असं का, हे समजून घेण्यासारखं आहे. सियाम रीपच्या दक्षिणेला तोनले साप हे विशाल तळं आहे, आणि त्याच नावाची नदी ते तळं राजधानी नोम पेन्हजवळ मेकाँगला जोडते. हिवाळ्या-उन्हाळ्यात तळ्याचं पाणी नदीवाटे मेकाँगकडे वाहतं. पावसाळ्यात मेकाँगला एवढा पूर येतो की ती या नदीला मागे रेटते, प्रवाह उलटतो आणि तळं भरू लागतं. कोरड्या दिवसांत जेमतेम मीटरभर खोल असलेलं हे तळं पुराच्या भरात आठ-नऊ मीटरांपर्यंत चढतं आणि पसरून कित्येक पटींनी मोठं होतं. झाडं बुडतात, त्यांत मासे अंडी घालतात, खांबांवरची गावं पाण्यावर आल्यासारखी दिसतात. साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरात काही बोटी तळं ओलांडू शकतात, एरवी गाळात रुततील. पाणी पुन्हा समुद्राकडे वळतं तेव्हा नोम पेन्हला बोन ओम तुक हा जलोत्सव भरतो, लांबलचक होड्यांच्या शर्यती होतात. तो येतो बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच. दिवाळीची सुट्टी थोडी पुढे ओढता आली तर याहून चांगला मुहूर्त नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र पाणी कमी आणि उकाडा जिवावर उठलेला.

या पाण्यामुळे अंगकोर समजतं, असं माझं मत आहे. नुसत्या विमानाने सियाम रीपला उतरणारा माणूस जंगलात अचानक उभी राहिलेली देवळं बघतो. एवढ्या मोठ्या नगराचं पोट कशावर भरत होतं, हा प्रश्न त्याला पडत नाही. १२९६ मध्ये चिनी दूत चौ ताग्वान अंगकोरला आला तो मेकाँगच्या मुखातून वर चढून, मग हे गोडं तळं ओलांडून. बायोन देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर शेजारच्या, आजच्या व्हिएतनाममधल्या चाम लोकांशी झालेली नौकांची लढाई कोरली आहे, आणि वल्ह्यांच्या खाली शिल्पकाराने मासे, सुसरी, पाण्यात पडलेली माणसं भरली आहेत. त्याच भिंतीवर बाजार, स्वयंपाक, कोंबड्यांची झुंज. बोटीतून चार दिवस काठावरची जाळी, मासे खारवणाऱ्या बायका, पाण्यात उतरलेल्या म्हशी पाहिलेल्या असतील तर ती भिंत ओळखीची वाटते. म्हणून निवड असेल तर बोट आधी आणि अंगकोर नंतर असा क्रम घ्यावा. बहुतेक लोक उलटा घेतात, कारण अंगकोर पाहायची घाई असते.

वाटेवरच्या थांब्यांत काँपाँग चामजवळचं वाट हानचेय विसरू नये. मेकाँगवरच्या टेकडीवर सातव्या शतकातलं विटांचं देऊळ, अंगकोर वटच्या पाचशे वर्षं आधीचं. जवळच वाट नोकोर, जिथे जुन्या दगडी देवळाच्या पोटातच नंतरचा रंगीत बौद्ध विहार बसवला आहे आणि तो रोजच्या वापरात आहे. नोम पेन्हला तुओल स्लेंग तुरुंग आणि चोएंग एक इथली १९७५ ते १९७९ मधल्या ख्मेर रूज राजवटीतल्या हत्याकांडाची स्थळं कार्यक्रमात असतात. लहान मुलं बरोबर असतील तर आई-बाबांनी आधीच ठरवावं, एकाने बोटीवर थांबायला हरकत नसते. व्हिएतनामच्या हद्दीत आल्यावर सा देकचे जुने वाडे, काय बे हे गाव, विटांच्या भट्ट्या आणि होड्यांची गर्दी. सीमेवर मार्गदर्शकही बदलतो. कंबोडियाचा उतरतो, व्हिएतनामचा चढतो. पण आपापल्या देशात तो चोवीस तास तुमच्याबरोबर असतो. जेवताना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं चाळीस जणांच्या बसमध्ये मिळत नाहीत.

मेकाँगवरच्या ‘लाओस क्रूझ’ला याच सहलीचा पुढचा टप्पा समजू नका. कंबोडिया-लाओस सीमेवर खोन धबधबे आहेत, बोट वर जाऊ शकत नाही. फ्रेंचांनी यावर उपाय म्हणून तिथल्या बेटांवर चिमुकली रेल्वे टाकली होती. हुआय साय ते लुआंग प्राबांग हा दोन दिवसांचा प्रवास उत्तरेत, अगदी स्वतंत्र.

म्यानमारमधल्या इरावती नदीवरची मंडाले-बागान क्रूझ एके काळी या सगळ्यांत सरस मानली जायची. २०२१ च्या लष्करी उठावापासून आणि नंतरच्या यादवीमुळे तिकडे जायचा सल्ला देता येत नाही. रत्नागिरीकरांना मात्र त्या नदीचं एक नातं ठाऊक असेल. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबा राजाला मंडालेहून याच नदीतून आगबोटीने खाली आणलं, आणि १९१६ मध्ये तो वारला तो रत्नागिरीत.

जपानमध्ये हा नदी-समुद्र असा पेच पडतच नाही. तिथल्या नद्या आखूड आणि उताराच्या, सर्वांत लांब शिनानो ती ३६७ किलोमीटरची. पूर्वी ओसाकाहून योदो नदीने नावा फुशिमीपर्यंत, म्हणजे क्योतोच्या वेशीपर्यंत जात. आता फुशिमीत हौसेपुरती फेरी उरली आहे. तेव्हा जपानची क्रूझ म्हणजे समुद्रीच. बंदराचा नियम तिथेही लागू, ‘तोक्यो’ पुष्कळदा योकोहामा असतं आणि ‘क्योतो’ कोबे, ओसाका किंवा पार पलीकडच्या किनाऱ्यावरचं माइझुरू. पण कोबेहून क्योतोला रेल्वेने तासाभरात जाता येतं, म्हणून इथे जहाजाची बस सोडून स्वतः जाण्यात अर्थ आहे. फक्त एक लक्षात ठेवा. जहाज कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या स्वतःच्या सहलीसाठी थांबत नाही.

दोन्हींच्या मधला एक प्रकार जपानमध्येच चांगला जमतो, सेतो अंतर्समुद्रातली छोटी जहाजं. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये शेकडो बेटं, पाणी शांत. महागडा प्रकार, पण इत्सुकुशिमा देवळाचा पाण्यातला तोरी, म्हणजे प्रवेशकमान, समुद्राच्या बाजूने पाहायचा असेल तर हाच. भरतीला तो तरंगल्यासारखा दिसतो, ओहोटीला लोक चालत त्याच्या खांबांपर्यंत जातात. म्हणून जहाजाच्या वेळेबरोबर त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रकही ताडून पाहावं.

आई-वडिलांना पाठवणाऱ्यांसाठी थोडं. समुद्री जहाजात लिफ्ट असते, पण दिवस बसमध्ये जातो आणि लाटा लागल्या तर गोळ्या घ्याव्या लागतात. नदीच्या बोटीत पोटात ढवळत नाही, पण बऱ्याच बोटींना लिफ्ट नसते, आणि पाणी ओसरलेलं असताना काठाची दरड उंच होते, फळीवरून उतरून मातीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे कुरकुरत असतील तर बुकिंगआधी हेच विचारा. शाकाहाराचं मोठ्या जहाजात सोपं, भारतीय काउंटर बहुधा असतो. छोट्या बोटीत आधी कळवलं तर स्वयंपाकी मनापासून करतात, पण ‘माशाचा सॉससुद्धा नको’ हे वेगळं सांगा. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर भाजीत तो असतोच. जपानमध्ये तीच गोष्ट दाशीची, म्हणजे माशाच्या अर्काच्या रश्शाची.

किंमत मांडताना नदीची बोट दर रात्रीला महाग दिसते, पण तिच्यात किनाऱ्यावरच्या सहली आणि मार्गदर्शक बहुधा धरलेले असतात. समुद्री जहाजाच्या भाड्यात दर बंदराची सहल, टिप, वाय-फाय मिळवून मगच तुलना करा. व्हिसाही तपासा. मेकाँगवर सीमा नदीतच ओलांडली जाते आणि व्हिएतनामच्या ई-व्हिसावर प्रवेशाचं ठिकाण नोंदलेलं असतं, विमानतळ लिहिला आणि बोटीने गेलात तर अडचण. जपानमध्ये परदेशी ध्वजाच्या जहाजांना निव्वळ जपानी बंदरांपुरतीच फेरी काढता येत नाही, म्हणून बहुतेक फेऱ्यांत कोरियाचं बुसान घुसवलेलं असतं. म्हणजे तुम्ही जपान सोडून परत जपानमध्ये शिरता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरेल का आणि बुसानसाठी काय लागेल, हे पैसे भरण्याआधी जहाज कंपनीकडून ई-मेलवर घ्या.