ग्नोम हवं, नेटवर्क मॅनेजर नको: डेबियनमधल्या एका वादाची पार्श्वभूमी

डेबियन ही लिनक्सवर बेतलेली ऑपरेटिंग सिस्टिम, ग्नोम हा तिच्यावर चालणारा डेस्कटॉप, आणि तिथे सॉफ्टवेअर येतं ते पॅकेजांच्या रूपात. त्यातल्या ‘ग्नोम’ किंवा ‘ग्नोम-कोअर’ नावाच्या पॅकेजात स्वतःचं असं जवळपास काहीच नसतं. ती मेटापॅकेजं, आत फक्त इतर पॅकेजांची यादी. यादीतल्या नावापुढे ‘डिपेंड्स’ असेल तर ते पॅकेज लागतंच. ‘रेकमेंड्स’ असेल तर एरवी येतं, पण नको असल्यास काढता येतं. ‘सजेस्ट्स’ म्हणजे नुसती सूचना.

डिपेंड्समधला, समजा, मेल प्रोग्रॅम काढायला गेलात तर एपीटी, म्हणजे पॅकेजं बसवणारं-काढणारं साधन, मेटापॅकेजही काढायला निघतं. मग त्या यादीमुळे आपोआप आलेली पॅकेजं बेवारस ठरतात आणि पुढच्या ‘ऑटोरिमूव्ह’ला (बेवारस पॅकेजं काढणारी आज्ञा) अर्धा डेस्कटॉप निघायच्या रांगेत दिसू शकतो. नवखा माणूस तिथेच हात मागे घेतो.

पूर्वी रेकमेंड्स आपोआप येत नसत. 2009 च्या लेनी आवृत्तीपासून एपीटी ती आपोआप बसवू लागलं. म्हणजे एखादी गोष्ट बहुतेकांना मिळावी एवढ्यासाठी तिला डिपेंड्समध्ये कोंबायची गरज तेव्हाच संपली होती. माझ्या मते पुढच्या वादातला हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा.

2011 च्या स्क्वीझ आवृत्तीत नेटवर्क मॅनेजर, म्हणजे मशीनच्या नेटवर्क जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम, ‘ग्नोम’च्या रेकमेंड्समध्ये होता. व्हीझी या पुढच्या आवृत्तीची तयारी सुरू असताना तो ‘ग्नोम-कोअर’च्या डिपेंड्समध्ये गेला. ग्नोमच्या मूळ प्रकल्पानेच त्याला गाभ्यात धरलंय, मग आम्ही वेगळं का करावं, असं पॅकेज सांभाळणाऱ्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. पण एखादा जादा कॅल्क्युलेटर आला तर थोडी डिस्क जाते, एवढंच. नेटवर्क मॅनेजर मशीनचं नेटवर्क स्वतःच्या ताब्यात घेऊ पाहतो. ज्यांनी विकड हा दुसरा नेटवर्क प्रोग्रॅम वापरून किंवा हाताने फाइल लिहून सगळं नीट बसवलं होतं, त्यांच्याकडे अपग्रेडच्या वेळी तो न विचारता येणार होता.

प्रकरण डेबियनच्या तांत्रिक समितीकडे गेलं. देखभाल करणाऱ्याचा निर्णय फिरवायला या समितीत तीनास एक असं बहुमत लागतं, त्यामुळे ती सहसा त्या वाटेला जात नाही. 2012 मध्ये मात्र तिने ‘ग्नोम-कोअर’मधलं हे नाव रेकमेंड्समध्ये आणायला सांगितलं. त्यावर पॅकेज सांभाळणाऱ्यांनी तेच अवलंबन उचलून ‘ग्नोम’ मेटापॅकेजात, तेही डिपेंड्स म्हणून, ठेवलं! समितीला त्याच वर्षी पुन्हा बसावं लागलं. व्हीझी मे 2013 मध्ये आली.

इतर लिनक्स वितरणांनी हा प्रश्न आपापल्या परीने हाताळला. जेंटूत यूज फ्लॅग (पॅकेजातले पर्याय चालू-बंद करायची सोय) असल्याने नको तो भाग पॅकेज बांधतानाच वगळता येतो. आर्चचं पॅकमन हे पॅकेज साधन ऐच्छिक पॅकेजांची नुसती यादी दाखवतं, बसवायचं काम तुमचं. आरपीएम या दुसऱ्या पॅकेज पद्धतीच्या मूळ प्रकल्पात रेकमेंड्ससारखी सैल अवलंबनं 2014 मध्ये, 4.12 या आवृत्तीत आली. आरपीएम वापरणाऱ्या सूझेकडे ती त्याआधीच होती.