परसातील कुक्कुटपालन

परसातील कुक्कुटपालन : घराच्या अंगणात, परसात किंवा गोठ्याच्या आडोशाला थोड्या कोंबड्या मोकळ्या सोडून पाळण्याची पद्धत. कोंबड्या दिवसभर उकिरडा, खळे आणि बांध उकरून किडे, वाळवी, गवताचे बी व सांडलेले धान्य टिपतात. संध्याकाळी मूठभर दाणे खाऊन त्या खुराड्यात किंवा डालग्याखाली जातात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५ कोटी कुक्कुटवर्गीय पक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातले होते. मोठ्या शेडमधल्या धंद्याने हा प्रकार संपवला, असा समज त्यामुळे खरा ठरत नाही. महाराष्ट्रात कोकण, सह्याद्रीचा घाटमाथा, नंदुरबार–धुळ्याचा आदिवासी पट्टा, मेळघाट आणि गडचिरोली येथे तो घरोघर आढळतो. कोंबड्यांची देखभाल बहुधा बायकाच करतात आणि अंड्यांचे पैसेही त्यांच्याच हाती राहतात. भूमिहीन घरातही हे उत्पन्न उभे राहते, हे या पद्धतीचे सर्वांत मोठे मोल.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. सह्याद्रीच्या जंगलात मात्र करडा रानकोंबडा राहतो. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसून आले. म्हणजे आपल्या जंगलातल्या पक्ष्याचा अंश आज जगभरच्या कोंबड्यांत आहे.

जाती : खेड्यात ‘गावठी’ किंवा ‘गावरान’ म्हणून ओळखली जाणारी कोंबडी ही एक शुद्ध जात नव्हे. तांबडी, काळी, ठिपक्यांची, उघड्या मानेची, उलट्या पिसांची अशी तिची अनेक रूपे एकाच वाडीत दिसतात. उघड्या मानेच्या कोंबडीला अंगावर पिसे कमी असल्याने उन्हाळा सोसतो. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, तीही तीन-चार पाळ्यांत. मध्य प्रदेशातील झाबुआ–अलीराजपूर भागातल्या कडकनाथची कातडी, मांस आणि हाडांवरचे आवरणही काळसर असते; झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या काळ्या मांसाला येणाऱ्या चढ्या भावाचे आमिष दाखवून पश्चिम महाराष्ट्रात पिल्ले विकली गेली आणि पक्षी परत विकत घेण्याचे आश्वासन मोडल्याने असंख्य शेतकरी बुडाले. ते प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले. कडकनाथ पक्षी काटक आणि उत्तम आहे. पण विक्रीची खात्री तोंडी असेल तर तो पाळू नये.

सुधारित जातींपैकी गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठात, तर वनराज व ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात तयार झाल्या. कावेरी, ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प याही महाराष्ट्रात पाळल्या जातात. त्यांतील चांगले पक्षी परसात वर्षाला १०० ते १८० अंडी देतात. पिसे रंगीत ठेवण्यामागे कारण आहे : मोकळ्यावर पांढरा पक्षी घारीच्या नजरेत लगेच भरतो, शिवाय गिऱ्हाइकाला गावरानसारखा दिसणारा पक्षी हवा असतो. वजनदार वनराज कोंबडा मुंगूस किंवा कुत्र्यापुढे चपळपणे उडू शकत नाही. जंगलालगतच्या वाडीत हलक्या अंगाचे पक्षी टिकतात.

खुडूक कोंबडी : अंडी घालून झाल्यावर घरट्यावर ठाण मांडून बसणारी, हात लावला की पिसे फुलवून टोचणारी कोंबडी ‘खुडूक’ झालेली असते. जास्त अंड्यांसाठी निवड करताना सुधारित जातींतून हा गुण जवळजवळ गेला, कारण खुडूक कोंबडी अंडी घालणे थांबवते. अंड्यांच्या हिशेबात हा फायदा दिसतो. पण अशा कळपाची पुढची पिढी घरी निपजत नाही आणि दरवेळी उबवणी केंद्राकडे जावे लागते. गावठी कोंबडी मात्र अंडी उबवते, पिलांना ऊब देते, घार दिसली की हाक देऊन त्यांना पंखाखाली घेते आणि काय खावे हे चोचीने दाखवते. वर्षाला ७० अंडी या आकड्यात तिचे हे काम मोजलेच जात नाही. तिला ‘कमी उत्पादक’ म्हणणारी सरकारी पत्रके या बाबतीत अपुरी आहेत. जाणत्या घरांत दोन्हींचा मेळ घातला जातो : सुधारित जातीची फळलेली अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवतात.

एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. अंडी ताजी, शक्यतो आठवड्याच्या आतली घ्यावीत आणि ती धुऊ नयेत. सातव्या दिवशी अंधारात विजेरीवर अंडे धरले की जिवंत गर्भाभोवती लाल शिरांचे जाळे दिसते. आरपार स्वच्छ दिसणारे, म्हणजे गर्भ नसलेले, अंडे काढून टाकतात. २१ व्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. कडक उन्हाळ्यात अंडी खराब होण्याचे प्रमाण वाढते, म्हणून हिवाळा व त्यालगतचे दिवस चांगले.

पिल्ले : केंद्रातून आणलेल्या एकदिवसीय पिलांना आई नसते, त्यामुळे कृत्रिम ऊब द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवून पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करतात. तापमापकापेक्षा पिलांकडे पाहावे : दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकत असतील तर ऊब जास्त झाली, सर्वत्र पसरून टिपत असतील तर ठीक. आडोसा गोल करावा. कोपरा असला की पिल्ले तिथे एकावर एक चढून गुदमरतात. आणल्याबरोबर आधी गुळाचे पाणी, मग मक्याचा भरडा देतात. वीज बेभरवशाची असलेल्या गावात चार ते सहा आठवड्यांची, ऊब लागत नाही अशी पिल्ले घेणे शहाणपणाचे. राज्यात पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर व कोल्हापूर येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. शासकीय योजनेत १०० एकदिवसीय पिल्ले, किंवा आठ-दहा आठवड्यांच्या २५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) व ३ नर असा गट अनुदानावर मिळतो. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात त्यासाठी चौकशी करावी.

रोग : परसातल्या कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू मानमोडी, म्हणजेच राणीखेत. उन्हाळ्याच्या आसपास ती येते आणि आठवड्याभरात वाडीतली खुराडी रिकामी होतात. हिरवट हगवण, वेडीवाकडी मान, लुळे पंख ही लक्षणे दिसू लागल्यावर इलाज उरत नाही, लसच हवी. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे तिचीच वर्धक मात्रा आणि सुमारे आठव्या आठवड्यात आरटूबी लसीचे इंजेक्शन, असा क्रम असतो. गंबोरो (पिलांचा एक विषाणूजन्य रोग) व देवीच्या लसीही देतात. लस स्वस्त आहे. अडचण वेगळीच आहे. कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची येते, ती बर्फात आणावी लागते आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांचे घर एकटे हे करू शकत नाही. वाडीने एकच दिवस ठरवून, कोंबड्या सोडण्यापूर्वी पहाटे सगळ्यांचे लसीकरण केले की गणित जुळते. या पद्धतीत सर्वाधिक फरक पडतो तो या एका सवयीने. महागडी जात किंवा विकतचे खाद्य यांची त्याच्याशी तुलना होत नाही. आजारी कोंबडी घाईने कापून शेजारी वाटणे किंवा बाजारात नेणे यानेच मानमोडी पुढच्या गावात पोहोचते.

नियम : खेड्यात थोड्या कोंबड्या पाळायला वेगळा परवाना लागत नाही. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीची अट हजारो पक्ष्यांच्या फार्मसाठी आहे. शहरात महानगरपालिकेचे उपद्रवविषयक नियम आणि गृहनिर्माण संस्थेचे उपविधी लागू होतात. दुर्गंधी, माश्या आणि पहाटेचे आरवणे याच तक्रारी येतात. अंडी फक्त खाण्यासाठी हवी असतील तर कोंबडा नसला तरी चालतो, हे शहरी पाळणाऱ्याने लक्षात घ्यावे. कोंबड्यांच्या झुंजी लावणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली गुन्हा आहे. रानकोंबड्याची अंडी आणून घरच्या कोंबडीखाली उबवण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तोही गुन्हा ठरतो.

बर्ड फ्लूच्या वेळी नियम सर्वांत कडक होतात. भारतातील पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला. तेथील मोठ्या शेडबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही मारून पुराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी तो पुन्हा आढळला. बाधित क्षेत्रात परसातल्या पक्ष्यांना सूट नसते. भरपाई पथकाने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. त्यामुळे अचानक मर दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे पाळणाऱ्याच्याही हिताचे असते. मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नयेत. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत आणि हात साबणाने धुवावेत.